पत, नाव आणि वजन : धंद्यात विश्वास कसा कमवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली 21 वर्षं सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या अंगाला एका लहान खोलीत बसून मी लहान धंद्यांच्या वह्या बघतो. लोक येतात जीएसटीचं विवरणपत्र भरायला, आणि उठताना, चपला घालता घालता, खरा प्रश्न विचारतात. आता तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात. मिरज, विटा, तासगावहून, तिकडून कराड, वाई, कोरेगावहूनही. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून हे पान. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत, नावं काढलीत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिलाय.

1. दादा, तुम्ही सारखं ‘पत’ म्हणता. सिबिल स्कोअर म्हणजेच पत ना?

नाही. सिबिल ही बँकेच्या चष्म्यातून दिसणारी पत. कर्ज घेतलं आणि हप्ते फेडले की नाही, एवढंच तिला कळतं. माणसाला 300 ते 900 मधला आकडा मिळतो. धंद्याच्या कर्जासाठी 1 ते 10 अशी श्रेणी असते आणि तिथे 1 सगळ्यात चांगली. (एक जण 10 मिळाले म्हणून पेढे घेऊन आला होता. पेढे खाल्ले, मग सांगितलं.)

बाजारातली पत वेगळी. तुम्ही फोनवर ‘पाठवून द्या’ म्हणालात आणि समोरच्यानं ॲडव्हान्स न मागता गाडी भरली, ती पत. विट्याकडचे गलाईवाले बघा. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देतात. मुलूख परका, भाषा परकी, आणि सराफ जुन्या दागिन्यांची मोड हातात ठेवून जातो. ती भट्टीत गेल्यावर किती निघेल हे भट्टीवाल्यालाच ठाऊक. तिथे कुणी सिबिल विचारत नाही. ‘गाव कुठलं, आधी कुणाकडं होता’ हे विचारतात.

2. धंदा सुरू करून सहा महिने झाले. कोण ओळखत नाही. सुरुवात कुठून करू?

भाव लिहून देण्यापासून. हसू नका. आपल्याकडे निम्मी भांडणं ‘तुम्ही तेव्हा एवढं म्हणाला होता’ यावरून होतात. भाव, वाहतूक कुणाकडे, कर धरून की सोडून, आणि माल कधी, हे चार ओळींत लिहून पाठवा आणि त्यातला एक शब्दही नंतर फिरवू नका. सहा महिन्यांच्या माणसाकडे दाखवायला अनुभव नसतो, पण तारीख पाळता येते.

आणि धीर धरा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी हात लावेनात. लोखंडानं जमीन नासते अशी समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. 1910 मध्ये औंध संस्थानच्या राजांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही गोष्ट आपल्या पोरांना शाळेपासून पाठ असते, पण ती दोन वर्षं कुणी मोजत नाही. नव्या मालावरचा अविश्वास हा तुमचा अपमान नसतो. शेतकऱ्याचा हंगाम बुडाला तर तुम्ही भरून देणार नाही, हे त्याला माहीत असतं. म्हणून पहिल्या गिऱ्हाइकांची जोखीम आपल्या अंगावर घ्या: थोडा माल वापरून बघायला द्या, पटला नाही तर परत घ्या, आणि परत घेताना तोंड वाकडं करू नका.

3. विश्वास बसावा म्हणून कागदपत्रं कोणकोणती लागतात?

थोडक्यात सांगतो, कारण कागदानं पत येत नाही, पण कागद नसला तर असलेली जाते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे. त्यासाठी दोन-तीन हजार मागणारा एजंट असतो, सरकार नव्हे. जीएसटी क्रमांक असेल तर लक्षात ठेवा की तो पोर्टलवर कुणीही तपासू शकतं, आणि विवरणपत्रं कधी भरली तेही तिथे दिसतं. मोठे खरेदीदार आधी तेच बघतात. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांसाठी उलाढालीवर ठराविक टक्के कर) असाल तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, आणि दुकानाच्या पाटीवरही तसं लिहावं लागतं. खाण्याचा माल असेल तर अन्नसुरक्षेचा 14 आकडी क्रमांक बिलावरही हवा, 2022 पासून. सराफांनी प्रत्येक दागिन्यावरचा सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक गिऱ्हाइकाला स्वतःच मोबाइलवर तपासायला लावावा. असं करणाऱ्या दुकानात माणूस पुढच्या वेळी तपासत नाही.

वजनकाटा मात्र सगळे विसरतात. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यायची असते. मराठीत धंद्यातल्या मोठ्या माणसाला ‘वजनदार’ म्हणतात, आणि त्याच्या काट्यावरचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा असतो.

4. पुरवठादाराचे पैसे थकलेत. फोन उचलायचं धाडस होत नाही. नाव खराब व्हायच्या आत काय करू?

फोन उचला. हे सोडून बाकी सगळं दुय्यम.

उधारी थकली म्हणून आपल्या भागात कुणी फार वाईट म्हणत नाही. शेतीवर चालणारा बाजार आहे, पाऊस लांबला तर सगळ्यांचंच लांबतं. नाव जातं ते फोन न उचलल्यानं, ‘शेठ बाहेर गेलेत’ असं पोराकरवी सांगितल्यानं. मुदत संपायच्या आधी तुम्ही स्वतः फोन करा. ‘येत्या शुक्रवारी 20 हजार टाकतो, उरलेले महिन्याअखेर’ असं सांगा, आणि शुक्रवारी 20 हजार टाका. जमणार नसतील तर 10 हजारच कबूल करा. लहान आकडा पाळलेला बरा, मोठा चुकवलेला नको.

बेदाण्याच्या बाजारात तासगाव-सांगलीला दिवाळीच्या सुमारास सौदे बंद ठेवून ‘झिरो पेमेंट’ करतात. सगळ्यांनी एकमेकांची देणी शून्यावर आणायची, मगच नवे सौदे. कोण शून्यावर आला नाही हे त्या दिवसांत अख्ख्या यार्डाला कळतं. त्यासाठी पेपरात जाहिरात द्यावी लागत नाही. तुमच्या धंद्यात अशी प्रथा नसली तरी वर्षातून एक तारीख स्वतःच ठरवा आणि त्या दिवशी सगळ्यांची खाती मिटवा. माझ्याकडचे एक हार्डवेअरवाले पाडव्याच्या आधी हे करतात. त्यांना माल कधी कमी पडत नाही, टंचाई असली तरीही.

कायद्याची बाजूही आहे. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक अथवा सेवा देणारा असेल, तर लेखी करार नसताना 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. ते थकवले तर 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही फटका बसतो: तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. पुरवठादार नुसता व्यापारी असेल तर ही तरतूद लागू नाही. पण यार्डातल्या अडत्याला ‘कायद्यात तुम्ही बसत नाही’ असं सांगून बघा, पुढच्या हंगामात काय होतं ते.

5. माझं उलटं आहे. मोठी पार्टी माझेच पैसे देत नाही. मागितले तर ऑर्डर जाईल.

जाईलही. खोटं कशाला सांगू? कुपवाडच्या एमआयडीसीतले निम्मे जॉबवर्कवाले याच भीतीवर जगतात.

सोप्यापासून सुरू करा. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्याचा उतारा पाठवा, नुसता, वर एक शब्द न लिहिता. त्यांच्या हिशेब खात्यातल्या माणसाशी ओळख करा. मालकाशी नव्हे, चेक काढणाऱ्याशी. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे लहान उद्योगांच्या बिलांवर बँकांकडून आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी सक्तीची आहे. तिथे तुमचं बिल मान्य झालं की बँक ते घेऊन तुम्हाला आधी पैसे देते; ‘तुमचं बिल ट्रेड्सवर टाकू का’ ही मागणी तक्रारीसारखी वाटत नाही.

हे सगळं संपलं की लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीचं सरकारी तक्रार पोर्टल. तिथून अर्ज सुविधा परिषदेकडे, म्हणजे असे वाद मिटवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जातो. कायद्यानं उशिराच्या पैशांवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढीनं. मात्र व्यापारी असाल तर हा दरवाजा उघडत नाही (प्रश्न 4 मधली व्यापाऱ्याबद्दलची ओळ इथे तुमच्या विरुद्ध जाते).

माझं मत विचाराल तर: दर वेळी 120 दिवसांनी पैसे देणारी ऑर्डर गेली तर तुमच्या पुरवठादारांमधलं तुमचं नाव वाचतं. एकाचा मान राखायला दहा जणांना तोंड चुकवताय, हे मांडून बघा.

6. वडिलांचं नाव मोठं होतं. आता गादीवर मी आहे, पण लोक अजून ‘अण्णा कधी येणार’ विचारतात.

येऊ द्या की अण्णांना. दोन वर्षं सकाळचा एक तास बसू द्या. घाई करून बोर्ड बदलणारे, रंग बदलणारे आणि वडिलांच्या काळच्या दिवाणजींना काढणारे वारस मी पाहिलेत; दिवाणजी शेजारच्या दुकानात जातात आणि जाताना अर्धी गिऱ्हाइकं घेऊन जातात.

एक काम आजच करा. वडिलांनी तोंडी दिलेले शब्द लिहून घ्या. कुणाला जन्मभर हमाली माफ आहे, कुणाच्या पोरीच्या लग्नापर्यंत वसुली करायची नाही, कुणाला कधीच उधार द्यायचं नाही. हे चोपडीत नसतं. त्यातलं एखादं वचन तुम्हाला परवडत नसेल तर त्या माणसाला घरी जाऊन सांगा, बिलावर एकदम दिसू देऊ नका. पुढच्या वेळी तो ‘अण्णा कधी येणार’ विचारणार नाही. तुमच्याशीच बोलेल, कदाचित चिडून.

7. दुकान माझं आहे, तरी व्यापारी येतो आणि विचारतो, ‘साहेब आहेत का?’ काय उत्तर द्यावं?

कोरेगावकडच्या एका ताईंचं पशुखाद्याचं दुकान आहे. त्यांचं उत्तर मला फार आवडतं: “साहेब घरी आहेत. दुकान माझं आहे. भाव बोला.”

पण त्याआधी कागद तपासा. दुकान बाईनं चालवायचं आणि उद्यम, जीएसटी, बँक खातं नवऱ्याच्या नावावर, असं फार असतं. अशा दुकानाचं सगळं नाव कागदावर त्याच्या खात्यात जमा होतं, कर्जाचा इतिहाससुद्धा. चेकवर सही तुमची हवी. व्यापाऱ्याच्या सवयी हळूहळू सुधारतात, सही मात्र या आठवड्यात बदलता येते.

8. गूगलवर पाच स्टारची परीक्षणं विकत मिळतात. सगळेच घेतात. घेऊ का?

नको. खोटी परीक्षणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या भाषेत दिशाभूल ठरू शकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंडाची तरतूद 2019 च्या कायद्यात आहे. पण तेवढं लांब कशाला जायचं? साताऱ्यातल्या मिठाईच्या दुकानाला एकाच रात्रीत लुधियाना आणि गुवाहाटीहून ‘नाइस प्रॉडक्ट’ अशी 40 परीक्षणं आली, तर पोवई नाक्यावरचा कॉलेजचा पोरगा पण ओळखतो.

खरं वाईट परीक्षण आलं तर त्याच दिवशी उत्तर द्या, दोन ओळींत, नम्रपणे. पुढे काय करायचं ते प्रश्न 9 मध्ये. प्रतिस्पर्ध्यानं खोटं टाकलंय असा संशय असेल तर बिल क्रमांक विचारा. बहुधा उत्तर येत नाही, आणि वाचणाऱ्याला तेवढं पुरतं.

9. आमच्याकडून खराब माल गेला. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. कबूल केलं तर नाव जाईल ना?

माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं विवरणपत्र मी विसरलो. तेव्हा दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क होतं. मला कळलं तेव्हा 38 दिवस झाले होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. 1,900 रुपये मी गुपचूप भरले असते तर संपलं असतं. पण पोर्टलवर उशीर दिसणारच होता (प्रश्न 3). मी फोन केला, चूक सांगितली, पैसे माझ्या खिशातून भरले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आधीच्या सल्लागारानं तीन वर्षं असंच केलं होतं, मला नोटीस आल्यावर कळलं.” ते आजही येतात. त्यांच्या साडूचं खातंही माझ्याकडे आहे.

खाण्याचा माल असेल तर प्रश्नच नाही: बॅच क्रमांक शोधा, ज्या दुकानांत गेला तिथे फोन करा, परत घ्या. बॅच क्रमांक नसेल तर सगळाच माल परत घ्यावा लागतो, म्हणून तो आधीपासून टाका. गिऱ्हाइकाला कारण लांबण लावून सांगू नका. ‘दळताना चाळणी फाटली, खडे गेले, बदलून देतो’ इतकं पुरे. मजुरावर ढकललंत तर मात्र कबुलीची सगळी किंमत गेली. पिशवीवर नाव मजुराचं नसतं.

10. मंडळाची वर्गणी, फ्लेक्सवर फोटो, कुस्त्यांच्या मैदानाला बक्षीस… यानं वजन वाढतं का?

ओळख वाढते. वजन वेगळं. चौकातल्या फ्लेक्सवर बेचाळीस चेहरे असतात, त्यात तुमचा गॉगल घातलेला तिसऱ्या ओळीत. वाढदिवस संपला की ते फ्लेक्स भाजीवाल्याच्या ताडपत्रीवर दिसतं.

वर्गणी द्या, गावात राहायचं तर द्यावीच लागते. सगळ्या मंडळांना सारखी द्या, पावती घ्या, आणि आकडा एकदा ठरवला की कुणाच्या दमदाटीनं वाढवू नका. वजन कुठून येतं ते एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडे बघून कळलं. त्यांच्याकडे यार्डातली नवी पोरं वाहतुकीचे दर विचारायला येतात, कारण ते खरे दर सांगतात, प्रतिस्पर्ध्यालासुद्धा. समितीच्या बैठकीत ते एकदाच बोलतात, पण तेव्हा सगळे मोबाइल खाली ठेवतात.

11. पतसंस्थेत संचालक व्हा म्हणतायत. नाव होईल ना?

होईल, आणि एखाद्या दिवशी तेच नाव चौकशी अहवालात असेल. सहकार कायद्यात संस्थेचं नुकसान संचालकांकडून वसूल करण्याची तरतूद आहे, कलम 88. ‘मी फक्त सह्या केल्या’ हा बचाव चालत नाही. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. म्हणजे संस्था बुडाली तर तुमच्या नावाकडे बघून ठेव ठेवलेली शेजारीण तुमच्याच दारात येणार.

व्हायचंच असेल तर आधी थकबाकीची यादी मागा. दाखवली नाही तर नमस्कार करून निघा.

12. माल हिंगोलीचा, दळतो सांगलीत. पिशवीवर ‘सांगली हळद’ लिहू का? शेजारी ® लावतो, मीही लावू?

दोन्हीला नाही.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सांगलीच्या बेदाण्याला त्याआधी 2016 मध्ये. मानांकन जमिनीशी जोडलेलं असतं. इथल्या बाजारात आली आणि इथल्या गिरणीत दळली म्हणून कुठलीही हळद त्या नावाची होत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची ती इथे पिकलेल्या मालासाठी. तुम्ही ‘सांगलीत दळलेली’ लिहा आणि वाण किंवा मूळ गाव खाली खरं लिहा. हिंगोलीच्या हळदीत कमीपणा काय आहे?

® फक्त नोंदणी झालेल्या ट्रेडमार्कला लावता येतो. अर्ज केलाय, नोंदणी व्हायचीय, अशा वेळी टीएम लिहा. नोंदणी नसताना ® लावणं बेकायदा आहे. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे, आणि नोंदणी 10 वर्षं चालते. शेजाऱ्याचं शेजाऱ्यापाशी.

13. पुराचं पाणी दुकानात शिरलं. भिजलेला माल अर्ध्या भावात मागणारे येतात. विकू का?

आयर्विन पुलाजवळ पाणी 45 फुटांवर गेलं की धोका, हे सांगलीत लहान पोरालाही पाठ. 2005, 2019, 2021. तिन्ही वेळा पाणी उतरल्यावर हा प्रश्न आला.

खाण्याचा माल, पशुखाद्य, बियाणं, औषधं: नाही. तो माल कुठे जातो हे तुम्हाला माहीत असतं, उगाच ‘ते खतासाठी नेतात’ म्हणू नका. कापड, भांडी, लोखंड विकू शकता, पण ‘पुरातला माल’ अशी पाटी लावून. 2019 नंतर एका भांडेवाल्यांनी तशी पाटी लावली आणि रांग लागली.

माल फेकण्याआधी फोटो, यादी, पंचनामा, आणि विमा कंपनीला लगेच लेखी कळवणं. नष्ट झालेल्या मालाच्या खरेदीवर घेतलेली जीएसटीची वजावट (इनपुट क्रेडिट) परत करावी लागते हे बहुतेकांना वर्षानंतर कळतं; विम्याच्या दाव्यात तो आकडा धरता येईल का ते आत्ताच विचारा.

14. मला चारचौघांत बोलता येत नाही. रीलही जमत नाही. मग माझं कसं व्हायचं?

प्रश्न 4 मधला फोन जमतो ना? बाकी नसलं तरी चालतं.

15. मी दोन वर्षांपूर्वी भागीदारीतून बाहेर पडलो. भागीदार अजून जुन्याच नावानं उधारी करतोय. वसुलीवाले माझ्या दारात.

हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि दर वर्षी दोन-तीन तरी येतात. बहुतेक वेळा भागीदार म्हणजे भाऊ किंवा मेहुणा असतो, म्हणून कुणी कागद केलेला नसतो.

भागीदारी कायदा 1932 चा आहे. बाहेर पडणाऱ्यानं जाहीर नोटीस दिली नसेल, तर तुम्ही अजून भागीदार आहात असं समजून व्यवहार करणाऱ्यांसाठी तुमची जबाबदारी चालूच राहते. आपसात ‘आजपासून तू तुझा, मी माझा’ म्हटलेलं बाहेरच्याला लागू होत नाही. संस्था नोंदणीकृत असेल तर निबंधकाकडे कळवणं, राजपत्र आणि मराठी वर्तमानपत्रातली नोटीस, हे सगळं वकिलाकडून याच आठवड्यात करून घ्या. जुन्या पुरवठादारांना स्वतंत्र पत्रं पाठवा, पोच घ्या. बँकेला आणि जीएसटीलाही कळवा. तिथे अजून तुमचाच मोबाइल नंबर असेल, पाहून घ्या.

नोटिशीच्या आधीच्या उधारीचं काय? ती बहुधा तुमच्याही गळ्यात आहे. त्या पुरवठादारांकडे स्वतः जा. खरी परिस्थिती सांगा, नोटिशीची प्रत द्या, आणि तुमच्या वाट्याचं किती, कधी देणार ते लिहून द्या. माझ्याकडचे एक जण असेच सहा दुकानांत गेले होते. चौघांनी मुदत दिली, एकानं दावा लावला. सहाव्यानं चहा पाजला आणि विचारलं, “आता स्वतःचं काय सुरू करताय? माल माझ्याकडनं घ्या.”